पौलालाही राहवलं नाही
फादरांनी विरहावर लिहिताना बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय घेतलाय (ख्रिस्ताच्या प्रेमापासून आपल्याला कोण वेगळं करील, तो), पण मला थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र जास्त जवळचं वाटतं. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला थेस्सलनीका हे गाव रातोरात सोडावं लागलं. दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो, देहाने दुरावलो, मनाने नाही. आणि तिसऱ्यात सांगतो, राहवेना म्हणून अथेन्सहून आपला सोबती तीमथ्य याला तिकडे धाडलं. म्हणजे प्रेषिताचाही जीव टांगणीला लागायचा की!

आमचा थोरला जहाजावर असतो. वसईत संध्याकाळी रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसलो की ही त्याची खुर्ची रिकामी ठेवते, धाकट्यालाही बसू देत नाही. रेंज असली तर शेवटचं रहस्य (जपमाळेच्या पाच भागांतला शेवटचा) तो तिकडून म्हणतो, आवाज तुटत तुटत. नसली की त्याच्या वाट्याचे दहा नमो मारिया (मारियामातेची प्रार्थना) हीच म्हणते, जरा मोठ्याने.