पंप बंद पडला तर? ‘टॉर्कमास्तर’ यांना उत्तर

परवाच्या लेखाखाली ‘टॉर्कमास्तर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली. तिथेच दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकतोय. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: माझी २०१२ ची कॅडिलॅक सीटीएस-व्ही, तिचं ६.२ लिटरचं एलएसए इंजिन, डोक्यावर ईटनचा १.९ लिटरचा सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि फीनिक्सचा उन्हाळा. बूस्ट (हवेचा जादा दाब) वाढवायला छोटी पुली बसवली. इथल्या पंपांवर ९१ ऑक्टेनच्या वर सहसा काही मिळत नाही. (पुण्याच्या वाचकांनी हा आकडा तिकडच्या आकड्याशी थेट ताडून पाहू नये. अमेरिकेत रॉन आणि मॉन या ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींची सरासरी लिहितात, त्यामुळे तोच माल तिकडे पंचाण्णवच्या आसपास भरेल.) अशा गाडीला पाणी-मिथेनॉलचा फवारा घ्यावा की नाही, म्हणजे इंजिनात जाणारी हवा थंड करायला तिच्यात छोट्या पंपाने हे मिश्रण सोडावं का, याचा हिशेब लेखात होता. माझं म्हणणं असं की आधी इंटरकूलरचा (दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या यंत्राचा) पुढचा रेडिएटर आणि पाण्याचा पंप मोठा करा, मग फवारा घ्या. पण घ्याच.

आता प्रतिक्रिया, जशी आली तशी (त्यातलं ई-८५ म्हणजे मुख्यतः इथेनॉल असलेलं पेट्रोल):

“लेख वाचला. मिथेनॉल हा ट्यूनिंग न येणाऱ्यांचा धंदा. पंप अडकला किंवा टाकी संपली की आठही पिस्टन वितळणार, त्याबद्दल लेखक महाशय गप्प. सरळ ई-८५ टाका, विषय संपला. मिथेनॉल किती विषारी आहे त्याचा तर पत्ताच नाही. व्हिडिओ बघून लेख पाडणाऱ्यांनी लोकांच्या इंजिनांशी खेळू नये.”

लेखक महाशय! बरं.

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण ते लिहिताना तुम्हाला सर्वात जास्त मजा आली असणार. मास्तर, कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा व्हिडिओ नावाची चीज लग्नाच्या कॅसेटपुरती होती. पुण्यात इंजिनांच्या टेस्ट बेडवर रात्रपाळ्या केल्या. डायनॅमोमीटरच्या काचेमागे उभं राहून कानाने नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकून होणारी ठकठक) ओळखायला तिथले जुने मिस्त्री शिकवायचे आणि चुकलो तर चारचौघांत आईबहिणीवरून शिकवायचे. नंतर मिशिगनमध्ये कॅलिब्रेशन, म्हणजे इंजिनाचं इंधन आणि स्पार्क ठरवायचं काम. ऐन उन्हाळ्यात, माणसं घरात दडून बसतात तेव्हा, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात चाचणीच्या गाड्या तापवत बसणं ही माझी नोकरी होती, हौस नव्हे. हे सगळं बढाई म्हणून सांगत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारलं नाहीत, ठोकून दिलंत, हे वेगळं.

आता तुमचं ते तिसरं वाक्य, पंप आणि पिस्टनचं. मी गप्प होतो म्हणता. लेखाच्या उत्तरार्धात फेलसेफवर, म्हणजे फवारा बंद पडला तर इंजिन वाचवणाऱ्या सोयीवर, अख्खा परिच्छेद आहे. तिथपर्यंत पोचला नसाल तर तसं सांगा. पण तुमच्यासारखंच म्हणणारे बरेच भेटतात, म्हणून इथे पुन्हा आणि सविस्तर.

आकडे घेऊ. ६०० अश्वशक्ती काढणारं असं इंजिन पूर्ण थ्रॉटलला ताशी साधारण १६० किलो पेट्रोल पितं, म्हणजे मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास. त्याच्या पंधरा टक्के फवारा धरा, मिनिटाला अर्धा लिटर. निम्मं पाणी, निम्मं मिथेनॉल. त्यातलं मिथेनॉल भरतं जेमतेम २०० ग्रॅम. मिथेनॉलला जळायला हवा लागते वजनाच्या ६.४ पट, पेट्रोलला १४.७ पट. आता मास्तर, पेन घ्या. फवारा अचानक बंद झाला तर इंधनातला किती भाग गेला? हवेच्या हिशेबाने तीन टक्के! लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ च्या खाली म्हणजे इंधन जास्त, रिच) ०.७८ वरून ०.८० वर आला. मिश्रण अजूनही रिचच आहे. ही तुमची पिस्टन वितळवणारी आपत्ती.

अट एकच, आणि ती लेखात ठळक होती: मिथेनॉल घातलं म्हणून पेट्रोल कमी करायचं नाही. जो ट्यूनर फवाऱ्याच्या भरवशावर पेट्रोलची कात्री चालवतो, किंवा निम्म्याऐवजी नुसतं शंभर टक्के मिथेनॉल सोडून त्यालाच मुख्य इंधन करून टाकतो, त्याचं इंजिन गेलं तर मला रडू येणार नाही.

मग खरा धोका कुठे? टायमिंगमध्ये, म्हणजे स्पार्क कधी पडतो त्यात. फवाऱ्यामुळे नॉकिंग दबतं, म्हणून लोक स्पार्क चार-पाच अंश पुढे ओढतात, आणि फवारा गेला तरी स्पार्क तिथेच राहतो. इथे मात्र इंजिन मरतं. तरीही ‘वितळणार’ नाही. एलएसएचे पिस्टन ओतीव आहेत, फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन तिच्या थोरल्या बहिणीत, एलएस-नाइनमध्ये. नॉकिंगच्या माराने अशा पिस्टनची दोन रिंगांमधली कड तुटते. नाव टॉर्कमास्तर घ्यायचं तर एवढं तरी ठाऊक असावं. असो.

यावर इलाज आहे आणि टर्बोवाल्यांपेक्षा आपला वेगळा आहे, जे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच दिसत नाही. टर्बोमध्ये फवाऱ्याचा प्रवाह घसरला की वेस्टगेट (टर्बोला वळसा देऊन धूर सोडणारी झडप) उघडायचा, बूस्ट स्प्रिंगच्या दाबावर येतो, काम झालं. आपला ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जर, पट्ट्यावर चालतो, इंजिन फिरेल तसा तो फिरणार, त्याला वेस्टगेट नाही. पण ईटनला बायपास झडप आहे. एरवी निवांत चालवताना ती उघडी असते आणि हवा गोल फिरत राहते. फवाऱ्याच्या नळीत प्रवाह मोजणारा सेन्सर बसवा, तो ठरलेल्या हद्दीबाहेर गेला की एका सोलेनॉइडने (विजेवर चालणाऱ्या कळीने) ती झडप उघडा. बूस्ट गळून पडतो. दुसरा मार्ग म्हणजे इंटेक तापमानाच्या सेन्सरच्या वायरीत रेझिस्टर घालून ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) हवा तापल्याचं खोटंच सांगणं, म्हणजे तो आपणहून टायमिंग मागे घेतो. हा मार्ग मला कळकट वाटतो, पण चालतो. टाकीतला फ्लोट एकट्याने पुरत नाही, कारण टाकी भरलेली असून नॉझल चोंदलेलं असू शकतं. प्रवाहच मोजला पाहिजे, दाबही नाही. नॉझल चोंदलं की दाब उलट वाढतो आणि डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा छान जळत राहतो.

आणि हो, हा पंप बंद पडण्याचा प्रसंग माझ्या गाडीवर खरोखर आला आहे. डायफ्रॅम फाटला होता. कंपनीचं नाव घेत नाही. फ्रीवेच्या रॅम्पवर, उन्हाळ्यात, तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटल. काय झालं? बूस्टचा काटा पडला, गाडी साध्या व्ही-एट सारखी वागायला लागली, मी घरी आलो. नंतर लॉग (गाडीने नोंदलेले आकडे) उघडला तर नॉक रिटार्ड, म्हणजे नॉकिंग जाणवून ईसीयूने मागे घेतलेलं टायमिंग, जवळपास शून्य. पिस्टन जागेवर आहेत, मास्तर, आठही.

या एका वाक्यावर इतकं लिहायला लागलं. टाकायला तुम्हाला किती वेळ लागला असेल?

‘ट्यूनिंग न येणाऱ्यांचा धंदा’ याबद्दल. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांच्या डाइम्लर-बेंझ डीबी ६०५ इंजिनात एमडब्ल्यू-५० नावाचं मिश्रण फवारत होते. निम्मं मिथेनॉल, जवळपास निम्मं पाणी आणि गंज चढू नये म्हणून चिमूटभर तेल. ते इंजिनही सुपरचार्ज्डच. त्या इंजिनियरांना ट्यूनिंग येत नव्हतं असं म्हणायचंय का? १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर घ्या. टर्बो, १०.२५ चं कॉम्प्रेशन आणि टाकीत पाणी-मिथेनॉल. मालक टाकी भरायला विसरायचे. पण टाकी संपली की बूस्ट रोखायची सोय गाडीत होती. म्हणजे ज्या प्रश्नावर तुम्ही आज मला धारेवर धरताय, त्याचं उत्तर साठ वर्षांपूर्वी शोरूममध्ये विकायला ठेवलेलं होतं. २०१६ ची बीएमडब्ल्यू एम-४ जीटीएस नुसतं पाणी फवारायची, टाकी डिकीत. तेही नवशिकेच असतील.

ई-८५. चांगलं इंधन आहे. वाद नाही. फक्त इंधन तीस-पस्तीस टक्के जास्त सोडावं लागतं, म्हणजे इंजेक्टर आणि पंप दोन्ही बदला, आणि पंपावर ‘८५’ लिहिलं तरी नोझलमधून इथेनॉल ५१ ते ८३ टक्के काहीही येऊ शकतं. माझ्या रोजच्या रस्त्यावर ते मिळत नाही. तुमच्या रस्त्यावर मिळत असेल तर टाका, कोणी अडवलंय?

विषारीपणाचा मुद्दा घेतो. हा एकच तुमच्याकडून घेतो. ‘पत्ताच नाही’ हे खोटं आहे, एक ओळ होती, पण एक ओळ कमी होती हे मान्य, लेखात वाढवून टाकतो. मिथेनॉल पोटात गेलं की शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल करतं आणि डोळ्याची नस जाते. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत दारूतून हेच गेलं आणि शंभरहून जास्त माणसं दगावली. कातडीतूनही शोषलं जातं, वाफही छातीत घेऊ नये, म्हणून हातमोजे घाला आणि बंद गॅरेजमध्ये मिश्रण करू नका. शिवाय शुद्ध मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. १९८१ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत, जिथे गाड्या मिथेनॉलवर धावत, रिक मिअर्स या चालकाच्या पिटमध्ये माणसं पेटलेली होती आणि आजूबाजूच्यांना कळेना की ही अशी का नाचतायत. निम्मं पाणी मिसळण्याचं एक कारण हेही आहे. थंडी जास्त देतं ते पाणीच, हे दुसरं. एक किलो पाणी बाष्प होताना २२५७ किलोज्यूल उष्णता ओढतं, मिथेनॉल ११०० च्या आसपास. माझ्या वरच्या अर्ध्या लिटरचा थेंब न थेंब वाटेतच बाष्प झाला तर हवा चोवीसेक अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात तेवढा होत नाही, उरलेलं सिलिंडरमध्ये होतं आणि नॉकिंगसाठी ते उलट बरंच आहे. बाटलीतला काच पुसायचा निळा द्रव चालतो का, असंही एकाने विचारलंय. रंग आणि साबण असलेला नको, बाकी मिथेनॉलची टक्केवारी बघून ठरवा.

तुम्ही न विचारलेली, पण विचारायला हवी होती अशी एक गोष्ट सांगून ठेवतो. पंप बंद पडण्यापेक्षा मला भीती वाटते ती पंप बंद असताना फवारा चालू राहण्याची. नॉझल थ्रॉटलच्या पुढे, ब्लोअरच्या तोंडाशी बसवलं आणि टाकी त्याच्यापेक्षा उंचावर ठेवली, तर सिग्नलला उभं असताना तिथला व्हॅक्यूम नळीतून द्रव ओढत राहतो. गाडी बंद केली, द्रव आत साचला, सकाळी स्टार्टर मारला. पातळ पदार्थ दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नॉझलला लागूनच सोलेनॉइड हवा, नुसती स्प्रिंगची चेक व्हॉल्व्ह मला पुरेशी वाटत नाही. आणि इंटेक तापमानाचा सेन्सर फवाऱ्याच्या वाटेत असला तर तो भिजतो, हवा आहे त्यापेक्षा थंड दाखवतो, आणि ईसीयू खुशाल टायमिंग पुढे नेतो. लॉगमधला तो सुंदर आकडा पाहून पाठ थोपटून घेणारे मी पाहिलेत.

ब्लोअरच्या आधी फवारल्याने रोटरवरचा थर झिजतो का, यावर दोन तट आहेत. मी बारीक थेंबाचं नॉझल वापरतो आणि रोटर अधूनमधून टॉर्च लावून बघतो. पुढे बोलण्यासारखं त्यात काही नाही.

तर मास्तर, रागावलो असेन, कबूल. ‘पाडणाऱ्यांनी’ हा शब्द तुम्ही समोर बसून वापरला असता तर चहाही दिला नसता. पण आमंत्रण खुलं आहे. तुमच्या गाडीचा एक लॉग पाठवा: आरपीएम, बूस्ट, इंटेक तापमान, स्पार्क, नॉक रिटार्ड आणि लॅम्डा. ई-८५ वरचा, पूर्ण थ्रॉटलचा, चाळीस अंशांच्या वर तापलेल्या दिवसाचा. मी माझा फवारा चालू आणि बंद असे दोन्ही लॉग शेजारी लावतो आणि वाचकांना बघू देतो. गाडी कोणती आहे तेही कळवा, प्रतिक्रियेत ते कुठेच आलं नाही. लॉग न आल्यास या विषयावरच्या तुमच्या पुढच्या प्रतिक्रिया मी छापीन, पण उत्तर देणार नाही.