सीटला तेल पाजणाऱ्यांसाठी

गेल्या दोन-तीन महिन्यांत एकच मेसेज मला आठ-दहा जणांनी तरी पाठवला असेल. शेवटी भाच्यानंही पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे खरं आहे का?" मेसेज लांबलचक आहे, पण सार एवढंच. लेदर सीट म्हणजे शेवटी कातडी, ती श्वास घेते, तिला खुराक लागतो. खरं लेदर ओळखायचं तर पाण्याचा थेंब टाका, जिरला तर अस्सल. आजोबा वहाणांना चोळायचे तसं दर महिन्याला खोबरेल तेल चोळा. डागांवर खायचा सोडा आणि लिंबू, शाईवर टूथपेस्ट. मग दोन तास कडक ऊन. भेगा असतील तर दुधाची साय. आणि बाजारातली कंडिशनर म्हणजे सगळी लूट.

सांगलीत शंभर फुटी रोडला माझं कुशनचं दुकान आहे. बावीस वर्षं गाड्यांच्या सीटा उसवतोय आणि शिवतोय. हा मेसेज असाच फिरत राहिला तर माझं काही बिघडत नाही, उलट गिऱ्हाईक वाढेल. पण भाच्याची गाडी नवी आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी तो पाण्याचा थेंब. चपलेच्या चामड्यावर तो जिरतो, खरं आहे. गाडीच्या सीटवर अस्सल चामडं असलं तरी जिरत नाही, कारण त्या चामड्यावर रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर मारलेला असतो. हा सगळा लेप केसाएवढाही जाड नसेल, पण सांडलेला चहा, घाम, जीन्सचं घासणं, सगळं तोच अंगावर घेतो. थेंब त्याच्यावर गोल बसून राहतो. रेक्झिनवरही तसाच बसतो. मग या परीक्षेत कळलं काय? थेंब जिरलाच तर सीट अस्सल म्हणून खूश होऊ नका, तिथला लेप उडालाय. फार महागड्या गाड्यांत बिनलेपाचं चामडंही असतं म्हणा, पण त्या गाड्या माझ्या दारात येत नाहीत.

आपल्याकडं 'लेदर सीट' म्हणून जे मिरवलं जातं त्यातलं बरंचसं लेदरेट असतं. लेदरेट म्हणजे रेक्झिनच, नाव तेवढं इस्त्री केलेलं. खाली विणलेलं कापड आणि वर पीव्हीसीचा नाहीतर पीयूचा थर. काही गाड्यांत बसायचा मधला पट्टा चामड्याचा आणि कडा, पाठ रेक्झिनची. ओळखायचं असेल तर उलटी बाजू बघा. सीटखाली हात घालून कव्हरची मुडपलेली कड सापडते का बघा, टॉर्च मारा. जाळीदार विणीचं कापड दिसलं तर रेक्झिन, लव असलेली खरबरीत बाजू दिसली तर चामडं. फक्त कडेचा तुकडा रेक्झिनचा निघाला म्हणून मधलाही तसाच असेल असं धरून चालू नका. मधला भाग अंगठ्यानं दाबा. चामड्यावर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या पसरतात, रेक्झिन बहुतेक वेळा नुसतं खाली बसतं. हा अंदाज झाला, खात्री गाडीच्या माहितीपत्रकातनं करा. वासावर तर अजिबात जाऊ नका, लेदरचा वास बाटलीत विकत मिळतो. काडी ओढून जाळून बघू का विचारणारेही येतात, त्यांना मी हात जोडतो.

आता तेल. इथं जरा वेळ घेतो, कारण यात अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्यानंच घात केलाय.

वहाणांना तेल द्यायचे, बरोबर आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूरच्या जोडीला आपला सांगली जिल्हाही आहे, सातारा-सोलापूरही, कर्नाटकातले चार जिल्हेही. हे चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. वर लेप नाही, काही नाही. त्याला तेल दिलं की ते आत मुरतं, चामडं नरम पडतं, नव्या जोडाचं चावणं कमी होतं. गाडीच्या सीटचं चामडं बहुतेक क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. नरम राहण्यासाठी लागणारा तेलकटपणा कारखान्यातच त्यात मुरवलेला असतो आणि त्यावर तो लेप. मग तुमचं तेल आत जाणार कुठनं? शिलाईच्या भोकांतनं, नाहीतर चीर पडलीय तिथनं. बाकीचं वरच राहतं आणि धूळ धरतं.

पीव्हीसीचं रेक्झिन असेल तर गोष्टच वेगळी. पीव्हीसी म्हणजे आपल्या शेतातल्या पाइपलाइनचंच प्लॅस्टिक. पाइप कडक आणि रेक्झिन मऊ, कारण रेक्झिनमध्ये प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं. गाडी उन्हात तापली की ते थोडंथोडं उडून जातं. समोरच्या काचेला आतनं धुरकट, चिकट थर चढतो ना, तो बराचसा डॅशबोर्ड आणि असल्या प्लॅस्टिकमधनं उडालेला हाच माल. तो कमी झाला की रेक्झिन ताठरतं, मग चिरतं. खोबरेल त्याची जागा घेऊ शकत नाही. उलट तेलाच्या संगतीनं तो आणखी बाहेर यायची भीती.

गेल्या डिसेंबरात तासगावकडचे एक अण्णा आले, द्राक्षबागायतदार. गाडी चार वर्षांची.

"दर महिन्याला न चुकता तेल देतोय बघा, तरी सीट पांढरी पडायला लागलीय."

सकाळचे साडेआठ वाजले असतील. गाडी रात्रभर बागेत थंडीत उभी होती आणि तशीच आणलेली. बघतो तर शिलाईच्या रेघेत आणि सीटच्या बारीक भोकांत खोबरेल थिजून बसलेलं. २४ अंशांच्या खाली ते थिजणारच, न्हाणीतली बाटली थिजते तसं. नखानं एक रेघ उकरून त्यांच्या तळहातावर ठेवली. ऊब लागली तसं ते विरघळलं आणि मागं काळा गाळ राहिला. खवट वास तर दार उघडल्या उघडल्याच आला होता. पावसाळ्यात त्याच शिलाईवर बुरशी धरली होती, असं मग त्यांनी आपणहून सांगितलं. कव्हरची कड उलटी करून दाखवली. कापड. मधला पट्टाही उसवून बघितला, तिथंही कापडच.

"म्हणजे चार वर्षं मी प्लॅस्टिकला तेल पाजतोय?"

मी काही बोललो नाही, त्यांना नुसता ड्रायव्हरचा हेडरेस्ट दाखवला. तिथं डोक्याच्या तेलाचा काळपट, तुकतुकीत गोल झालेला, वरचा थर चिकट होऊन टवके सुटायला लागलेले. तेलानं सीटचं काय होतं ते बघायला वेगळा प्रयोग कशाला? आपल्या घरात डोक्याला भरपूर तेल लावणारं कोण आहे ते आठवा आणि ते गाडीत बसतात त्या जागेचा हेडरेस्ट बघा.

श्वासाचं म्हणाल तर कमावलेलं चामडं श्वास घेत नाही. घेत असतं तर आम्हाला त्यात सुई घालायचा धीर झाला नसता.

सोडा-लिंबाचं प्रकरण सांगलीकरांनी तरी नीट समजून घ्यावं, कारण आपल्या गाड्यांत हळद असतेच. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्यांची बिस्किट रंगाची सीट, पोत्यांच्या वाऱ्यानं पिवळी झालेली. मेसेज वाचून त्यांनी सोड्याचा लेप दिला आणि पाच मिनिटांत सीट लालभडक. घाबरून फोन केला, "रक्त सांडल्यासारखं दिसतंय हो." हळकुंडाचं कुंकू करतात ते असंच, खार घालून. सोडा हाही खारच. नुसत्या ओल्या फडक्यानं सोडा चार-पाच वेळा पुसून घ्यायला सांगितला, लाली उतरली, पिवळं राहिलं. मग सांगितलं, आता काही चोळू नका, गाडी आठ दिवस काचेतनं उजेड येईल अशी लावा. हळदीचा रंग उजेडात विटतो, साडीवरचा विटतो तसाच. महिनाभरानं गाडी दुसऱ्या कामाला आली तेव्हा शिलाईत तेवढा पिवळा दोरा दिसत होता. उन्हाबद्दल पुढं वाईट बोलणार आहे, पण हे एक श्रेय त्याचं.

लिंबू दुसऱ्या टोकाचं. सीटवरचा लेप त्यानं लगेच निघून जाईल असं नाही, पण महिन्या-महिन्याला तीव्र आंबट आणि मग खार, हे कुठल्याच लेपाला मानवत नाही. दोन्ही एकत्र केले की फसफसून फेस येतो आणि माणसाला वाटतं डाग निघतोय. तो फेस सोडा आणि लिंबू एकमेकांना मारतात त्याचा. राहतो तो खारट-चिकट लगदा, शिलाईत जाऊन बसणारा.

टूथपेस्टमध्ये दात घासायला बारीक भुकटी असते. तिनं शाई निघते, लेपासकट. बॉलपेनची रेघ जाते आणि तिथं रुपयाएवढा निस्तेज डाग कायमचा येतो. नेलपॉलिश रिमूव्हर तर लेप सरळ विरघळवतो. २०२० मध्ये सॅनिटायझरनं हे सगळ्यांनी बघितलंय. हात पुसता पुसता सीटही पुसल्या आणि वर्षभर माझ्याकडं रंग उडालेल्या सीटांची रांग. शाई ताजी असेल तर ओलसर फडक्यानं टिपा, जुनी असेल तर तिच्यासोबत जगायला शिका किंवा तेवढा तुकडा रंगवून घ्या.

दोन तास कडक ऊन? एप्रिल-मेमध्ये सांगलीत बंद गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही. सीटा म्हाताऱ्या होतात त्या याच उन्हानं. ओली सीट सावलीत, दारं उघडी टाकून वाळवायची. संपलं.

साय भेगांत भरली तर दोन दिवसांत गाडीत बसवणार नाही. भेग म्हणजे लेप तुटलाय आणि खालचं चामडं किंवा रेक्झिन फाटायला लागलंय. ती कशानंच 'भरून' येत नाही. चामडं असेल तर फिलर भरून, घासून, परत रंग आणि वरचा थर मारता येतो. रेक्झिनची भेग वाढतच जाते. पण म्हणून अख्खं कव्हर बदलायला धावू नका, बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या बाजूची चढता-उतरता घासणारी कडच गेलेली असते. तेवढा एक तुकडा बदलून शिवता येतो. हे सांगून मी माझ्याच पोटावर पाय देतोय, पण असो. पुढच्या सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर मात्र त्या कडेला कुणालाही हात लावू देऊ नका. फुगा नेमका तिथली शिवण फाडून बाहेर येतो, तिथं साधी जाड शिलाई मारली तर तो अडतो. वरनं कुठलंही कव्हर चढवतानाही हेच.

राहिली कंडिशनरची लूट. इथं मेसेजवाला निम्मा बरोबर आहे. लेप असलेल्या चामड्यात कंडिशनर फार आत जात नाही, 'पोषण' वगैरे बाटलीवरच शोभतं. पण चांगलं पाण्यातलं कंडिशनर वर पातळ थर ठेवतं, त्यानं घासणं कमी होतं, जीन्सचा निळा रंग पटकन चिकटत नाही. चार-सहा महिन्यांतनं एकदा लावलं तरी पुष्कळ. रेक्झिनला लेदर कंडिशनरचा उपयोग नाही, त्यासाठी उन्हापासून वाचवणारं प्लॅस्टिकचं प्रोटेक्टंट मिळतं. आणि ते चकचकीत सिलिकॉनचं पॉलिश सीटला, त्याहून स्टिअरिंगला लावू नका. ब्रेक मारला की माणूस पुढं घसरतो.

सीटचं खरं वैर घाम आणि धूळ यांच्याशी आहे. लेपावर धुळीचे कण बसतात आणि आपण त्यांच्यावर बसून ते दिवसभर घासतो, पॉलिशपेपरासारखे. म्हणून आधी व्हॅक्यूम, सांध्यांतनं सुद्धा. मग न्यूट्रल पीएचचा, म्हणजे ना आंबट ना खारा असा फोम क्लीनर, नसेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर बेबी शाम्पू. कपड्याची वडी नको. फडक्यावर घ्यायचं, सीटवर ओतायचं नाही, आणि आधी मागच्या बाजूला कोपऱ्यात लावून बघायचं. मऊ ब्रशनं हलकं फिरवा, पिळलेल्या फडक्यानं पुसा, कोरड्यानं परत. हेडरेस्ट आणि दाराकडची कड पंधरा दिवसांनी, बाकी दोन-तीन महिन्यांनी.

ओतायचं नाही हे परत सांगतो. भोकांच्या काही सीटांखाली पंखा असतो, बऱ्याच सीटखाली एअरबॅगच्या पिवळ्या वायरी असतात, आणि फोम तर पाणी सोडतच नाही. २०१९ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांच्या सीटा मी उघडल्यात. वरनं खडखडीत वाळलेल्या, आणि पंधरा दिवसांनी फोम दाबला तर कृष्णेचं गढूळ पाणी बोटांतनं आलं.

अण्णांच्या सीटचं काम दोन दिवस चाललं. शिलाया साफ केल्या, हेडरेस्टचं कव्हर नवं शिवलं, बाकी रेक्झिन अजून चांगलं होतं. गाडी न्यायला आले तेव्हा डिकीतनं लिटरभराची खोबरेलची बाटली काढून म्हणाले, "आता ह्याचं काय करू?"

"डोक्याला लावा की. फक्त गाडीत बसताना मागं टॉवेल टाका."