किनाऱ्यावरून सॅमन लागत नाही? एका फिरत्या मजकुराला उत्तर

विषम वर्षाचा जुलै आला, पिंक जातीच्या सॅमन माशांचे थवे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्याकडे निघाले, की त्यांच्याबरोबर एक मजकूरही फिरू लागतो. थोडक्यात तो असा: सॅमन खोल पाण्यातून जातो, म्हणून त्याच्यासाठी बोटच हवी. किनाऱ्यावरून ल्यूर, म्हणजे गळ लावलेलं नकली आमिष, फेकायचंच असेल तर जमेल तितकं लांब फेका. तसंही परतीच्या वाटेवरचा सॅमन काही खात नाही, त्यामुळे लागला तर ते नशीब. गुलाबी सोडून दुसरा रंग घेऊ नका. ऊन वर आलं की सामान आवरा. आणि नको असलेला मासा लागला तर सोडून द्या, तो जगतोच.

या मजकुराने नुकसान होतं ते नव्याने दांडी हातात घेणाऱ्याचं. बोट, तिचं इंजिन, ती ठेवायची जागा हा खर्च सगळ्यांना झेपणारा नाही. वॉशिंग्टन राज्यात किनाऱ्यावर उभं राहायला परवाना, ठेवलेले मासे लिहायचं नोंदकार्ड, एक दांडी आणि खिशात मावतील इतकी ल्यूर पुरतात. सॅमनपर्यंत पोचण्याची सर्वांत मोकळी वाट हीच आहे, आणि तीच बंद असल्याचं लोकांना सांगितलं जातंय. म्हणून एकेक विधान तपासू.

सॅमन खोल पाण्यातून जातो, किनाऱ्याकडे फिरकत नाही, हे पहिलं. चिनूक या सॅमनच्या जातीबाबत यात तथ्य आहे. तो पुष्कळदा तळाजवळ राहतो आणि बोटवाले त्याच्यामागे खोलवर गळ सोडतात ते उगाच नाही. पण पिंक आणि कोहो या जाती बहुधा वरच्या थरांतून पोहतात. शिवाय प्युजेट साउंडमध्ये ‘खोल पाणी’ आणि ‘किनारा’ यांत फारसं अंतर नाहीच. हिमनद्यांनी कोरलेलं हे पाणी सर्वांत खोल जागी सुमारे 280 मीटर आहे, आणि पॉइंट नो पॉइंट, व्हिडबी बेटावरचा बुश पॉइंट किंवा सिअ‍ॅटलचं लिंकन पार्क इथे खडीवरून थोडं पुढे गेलं की तळ झपकन उतरतो. आत येणाऱ्या बहुतेक सॅमनना अ‍ॅडमिरल्टी इनलेटमधून यावं लागतं, आणि ती वाट सर्वांत अरुंद जागी जेमतेम पाच-सहा किलोमीटर रुंद आहे. भरतीचा जोर तिथे प्रचंड असतो. सॅमन भरतीबरोबर आत सरकतात आणि ओहोटीच्या वेळी किनाऱ्यालगतच्या मंद पाण्यात, भूशिरांच्या आडोशाला थांबतात.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पाण्यात सॅमनसाठी शेकडो खांबी सापळे उभे होते. त्यांची रचना पाहा: किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यापासून खोल पाण्याकडे जाळ्याची एक लांब भिंत, आणि तिच्या टोकाला कोंडवाडा. किनाऱ्याच्या कडेने पोहणारा मासा भिंतीला अडला की ती ओलांडायला खोल पाण्याकडे वळायचा आणि आत अडकायचा. हे सापळे इतके मासे गिळायचे की 1934 साली राज्यातल्या मतदारांनी ‘इनिशिएटिव्ह 77’ या मतदानाला टाकलेल्या प्रस्तावाने त्यांवर बंदी घातली. त्या भिंती शेकडो मीटर पसरलेल्या असत आणि तितक्या लांब कोणी ल्यूर फेकत नाही, हे खरं. पण मासा किनाऱ्याची रेघ धरून चालतो हे ठाऊक असल्याशिवाय असा सापळा कोणी बांधलाच नसता. त्याच्याही कितीतरी आधीपासून लमी आणि इतर सेलिश हे इथले मूळ रहिवासी दोन होड्यांच्या मध्ये जाळं पसरून, लमी बेट आणि सॅन वान बेटांजवळच्या उथळ खडकांवरून जाणारा सॅमन धरत आले आहेत. ‘रीफनेट’ची ही पद्धत आजही चालू आहे. एका अख्ख्या लोकसमूहाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे ते. एका फिरत्या मजकुराने ते पुसलं जावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सॅमन काठाशी का येतो, याचं आणखी एक कारण खाद्यात आहे. सर्फ स्मेल्ट आणि सँड लान्स हे बोटभर लांबीचे चंदेरी मासे भरतीरेषेजवळच्या बारीक खडीत आणि वाळूत अंडी घालतात. हेरिंग हा तसाच लहान मासा आपली अंडी उथळ पाण्यातल्या ईलग्रास या समुद्री गवताला चिकटवतो. म्हणजे सॅमनच्या ताटातला मोठा भाग वाढतो तो किनाऱ्याच्या कुशीतच. कोहो तर या माशांचा पाठलाग करत कधीकधी गुडघाभर पाण्यापर्यंत येतो.

आता ‘परतीचा सॅमन खातच नाही’. इथे दोन वेगळ्या अवस्थांची गल्लत झाली आहे. गोड्या पाण्यात शिरलेला सॅमन खाणं जवळजवळ सोडतो, त्याची पचनसंस्था आकसत जाते आणि साठवलेल्या चरबीवर तो अंडी घालायच्या जागेपर्यंत पोचतो. पण आपण उभे आहोत खाऱ्या पाण्याच्या काठावर. समुद्रातल्या शेवटच्या महिन्यांत सॅमन झपाट्याने वजन वाढवतो, आणि अ‍ॅडमिरल्टी इनलेटमधून येणारा चंदेरी, घट्ट अंगाचा कोहो हेरिंग दिसला तर सोडत नाही. पिंकचं खाणं मुख्यतः क्रिलसारखे बारीक जीव आणि लहान मासे. नदीचं मुख जसं जवळ येतं तशी त्याची भूक मंदावते, हे मान्य. तरीही तो ल्यूरवर झडप घालतो. ती सवयीची प्रतिक्रिया असेल किंवा चीड असेल. गळ तोंडातच लागतो. या विधानातून एक उपयोगी गोष्ट मात्र घेता येते. नदीच्या तोंडाशी रेंगाळून काळपट झालेल्या माशांपेक्षा इनलेटच्या बाजूच्या भूशिरांवरचे ताजे मासे ल्यूरला जास्त चटकन येतात, आणि चवीलाही उजवे असतात.

लांब फेकण्याच्या सल्ल्यावर जरा थांबायला हवं, कारण नवखा माणूस सर्वांत जास्त मासे इथेच घालवतो. पिंकचा थवा कित्येकदा काठापासून वीस-तीस मीटरांवरून जातो. सत्तर मीटर पलीकडे पडलेलं ल्यूर थव्याच्या मागे पडतं, आणि ते ओढून आणताना तंगूस माशांच्या पाठीवरून घासत येतो. मासे बिचकतात, नाहीतर गळ पोटात किंवा पाठीत रुततो. मुद्दाम असा गळ अडकवणं बेकायदा आहे, आणि नकळत झालं तरी माशाच्या जिवावर बेततं. उडी मारणारा पिंक थवा कुठे चाललाय ते दाखवतो. त्याच्या पुढे, वाटेवर ल्यूर टाकायचं आणि थव्याला त्याच्यापर्यंत येऊ द्यायचं.

अंतरापेक्षा खोली आणि चाल महत्त्वाची. बझ बॉम्ब हे ब्रिटिश कोलंबियात जन्मलेलं, तंगुसावर सरकणारं शिशाचं ल्यूर घ्या. त्याचं सगळं कसब खाली पडण्यात आहे: ढील दिली की ते गिरक्या घेत, जखमी माशासारखं तडफडत उतरतं. सरळ, एका वेगात गुंडाळलं तर ते धातूचा नुसता तुकडा होऊन येतं. म्हणून पाण्यात पडल्यावर थोडं बुडू द्या, दांडी उचला, मग टोक खाली आणत ढील गुंडाळा, पुन्हा उचला. झडप बहुतेकदा पडताना येते, आणि तंगूस अगदीच सैल सोडला असेल तर ती कळतही नाही. पिंकसाठी ही चाल संथ ठेवावी. कोहोला वेग आणि अनियमितपणा आवडतो. दोन झटके, क्षणभर विसावा, मग एकदम जोरात. आणि पायाशी येईपर्यंत ल्यूर काम करत राहू द्या. कोहो मागेमागे येऊन अगदी शेवटच्या क्षणी घेतो. शेवटचे दहा मीटर भराभर गुंडाळून टाकणाऱ्याला हे कधी दिसतच नाही.

रंगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पिंकसाठी गुलाबी चालतो, उत्तम चालतो. पण ‘फक्त गुलाबी’ हा हट्ट कोहोच्या हंगामात, म्हणजे सप्टेंबरमध्ये, महागात पडतो. तेव्हा हेरिंग आणि सँड लान्ससारखे दिसणारे चंदेरी, हिरवे, निळे रंग पेटीत हवेत. पिंक घेत नसतील तर रंग बदलण्याआधी ल्यूरचा आकार लहान करून पाहा, चाल आणखी संथ करा.

पहाटेचं तसंच. मंद प्रकाशात मासे काठाजवळ आणि वर असतात, म्हणून पहाट चांगली. पण किनाऱ्यावरचं खरं घड्याळ भरती-ओहोटीचं. प्युजेट साउंडमध्ये दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात आणि त्या एकसारख्या नसतात. एका भूशिराला भरती मानवते, दुसऱ्याला ओहोटी, कारण प्रवाह कोणत्या बाजूने येतो त्यावर भोवरा कुठे पडणार हे ठरतं. पहाटे पाणी निपचित असेल आणि प्रवाह साडेदहाला सुरू होणार असेल, तर सामान आवरून निघालेला माणूस नेमक्या वेळी वाटेत असतो. प्रवाहाचा तक्ता पाहा, एकाच जागी वेगवेगळ्या वेळी जा, आणि रोज येणाऱ्यांना विचारा. बहुतेक जण आनंदाने सांगतात.

शेवटचं विधान मी सर्वांत गंभीर मानतो. ‘सोडला की जगतो’ हे प्रत्येक वेळी खरं नसतं. समुद्रातून नुकत्याच आलेल्या सॅमनचे खवले सैल असतात. खडीवर ओढून आणला, कोरड्या हाताने धरला, फोटोसाठी उचलून ठेवला, की खवल्यांबरोबर त्याचं संरक्षक आवरणही जातं. कल्ल्यांतून रक्त येत असेल तर आशा आणखी कमी. राज्याचं मत्स्यखातंही हंगामाचा हिशेब करताना सोडलेल्या माशांपैकी काही मरणार हे धरूनच चालतं. आणि हा मासा कोणता असू शकतो? प्युजेट साउंडचा चिनूक 1999 पासून संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षित आहे. त्याच्यावर जगणारे इथले निवासी ओर्का (किलर व्हेल) 2005 पासून याच कायद्याखाली धोक्यातले म्हणून नोंदलेले आहेत. चिनूकचे थवे ऑगस्टमध्ये पिंकबरोबर याच किनाऱ्यांवरून जातात.

म्हणून एकटोकी, उलटा काटा नसलेला गळ. इथल्या खाऱ्या पाण्यात सॅमनसाठी तो नियमच आहे, तरी दुकानातल्या ल्यूरवर अनेकदा तीन टोकांचा गळ असतो. तो घरीच बदलून घ्या. मासा पाण्यातच ठेवून, लांब पक्कडीने गळ फिरवून काढा. ठेवायचा की सोडायचा हे ठरवण्याआधी पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर पाहा: तो कापलेला असेल तर मासा संवर्धन केंद्रातला, शाबूत असेल तर बहुधा नैसर्गिक. पिंकला ही खूण लागू नाही; त्याच्या शेपटीवरचे मोठे लांबट काळे ठिपके ओळखा. कोणत्या विभागात कोणता सॅमन किती ठेवता येतो हे दर वर्षी नव्याने ठरतं आणि हंगामाच्या मधेही तातडीच्या आदेशाने बदलतं. तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी खात्याची ताजी सूचना वाचा, आणि ठेवलेला मासा नोंदकार्डावर लगेच, किनाऱ्यावरच लिहा.