दाजींना मॅगझिन सुचवताना

तुम्ही कोल्हापूरचे, म्हणजे नेमबाजीतलं तुम्हाला कळतंच, असं बाहेरच्या माणसानं धरलेलं असतं. हा समज मोडू नका. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे आपल्याच जिल्ह्यातले, आणि दुधाळीच्या रेंजवरनं तुम्ही रोज गाडी काढता. सल्ला द्यायला एवढी पात्रता भरपूर झाली. तेव्हा डॅलसहून दाजींचा व्हिडिओ कॉल आला आणि ते म्हणाले, "पाव्हणं, रायफल घेतलीय, पॉइंट टू-टू, सेमी-ऑटोमॅटिक. संगं दहाचं मॅगझिन आलंय. मोठं कुठलं घेऊ?" तर गडबडू नका. पॉइंट टू-टू हे बारक्या काडतुसाचं माप; सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे दर चापाला एक बार आणि पुढचं काडतूस आपोआप चढतं; मॅगझिन म्हणजे काडतुसं रचून रायफलीला लावायचा डबा, आतली स्प्रिंग ती एकेक वर ढकलते. पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "दहानं काय हुतंय दाजी?"

दाजी टेक्सासात आहेत हे आपलं नशीब. न्यू जर्सीत असते तर २०१८ पासून तिथल्या कायद्याची मर्यादाच दहाची, आणि गप्पा पुन्हा ऊसदरावर गेल्या असत्या.

दाजींची रायफल बहुतेक रुगर १०/२२ निघेल. १९६४ पासून अमेरिकेत हीच घरोघरी. तिच्यासोबत येणारं दहाचं मॅगझिन बुटकं असतं, रायफलच्या पोटात बसतं, बाहेर दिसतसुद्धा नाही. फोटोला काहीच उपयोग नाही. आत एक फिरता रोटर असतो आणि त्यात प्रत्येक काडतुसाला स्वतंत्र खाच, त्यामुळे एकाच्या बुडाची कड दुसऱ्याच्या कडेला लागत नाही. अडकायला जागाच ठेवलेली नाही. आता अडकतच नाही अशा वस्तूवर दोन माणसांनी फोनवर बोलायचं तरी काय? ते खणात टाकायला सांगा.

दाजींना घ्यायला लावायचं ते लांबलचक, पंचवीस-तिसाचं, आणि शक्यतो रायफल बनवणाऱ्या कंपनीचं नव्हे. रुगरचं स्वतःचं पंचवीसचं मिळतं, तोंडाशी पोलादी कडा असलेलं. पण त्याला पैसे जास्त पडतात आणि ते बऱ्यापैकी चालतं, म्हणजे दोन्हीकडून आपलं नुकसान. कुणीतरी तिसऱ्यानंच बनवलेलं, पारदर्शक प्लॅस्टिकचं, दोन फाका स्क्रूनं जोडलेलं मॅगझिन बघा. पारदर्शकच हवं. काडतूस नेमकं कुठं अडलंय ते दिसल्याचं समाधान काळ्या मॅगझिनात मिळत नाही. आणि ते स्क्रू दाजींना चांगले आवळायला सांगा. फाका दाबल्या गेल्या, आतली वाट चिंचोळी झाली की मधल्यामध्येच रांग थांबते, आणि दिसतंही छान.

आता थोडी विद्या, कारण दाजी इंजिनिअर आहेत आणि कारण विचारणार. पॉइंट टू-टूच्या काडतुसाचा पेटणारा मसाला बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो, म्हणून ती कड बाहेर आलेली: नळकांडं साधारण ५.७ मिलिमीटर, कड ७ मिलिमीटरच्या आसपास. अशी काडतुसं एकावर एक रचली की रांग केळ्यासारखी वाकते. मॅगझिनचा तो बाक दाजींना स्टाइल वाटतो. तो काडतुसाच्या बुडापायी आलेला आहे. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढं राहिली पाहिजे. मागं राहिली तर बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा मागंपुढं सरकता ठोकळा) वरच्याला ढकलतो, ते खालच्यात गुंततं, आणि दोघंही जागचे हलत नाहीत. म्हणून भरताना घाई करायला सांगा. शक्यतो बोलत बोलत, टीव्ही बघत. दर काडतुसाला बोटानं मागंपुढं करून बघत बसलं तर पंचवीसच्या पंचवीस सुटायची भीती असते.

स्प्रिंगचं तर काय सांगावं. दहाच्या मॅगझिनात तिला काम थोडं. पंचवीसच्या रांगेत ती पहिल्या काडतुसाला इतकी दाबलेली असते की बोल्टला घासत जावं लागतं, आणि शेवटच्या चार-पाचांना इतकी सैलावलेली की काडतूस वर यायच्या आत बोल्ट पुढं जाऊन बसतो. दाजी चाप ओढतात, टक्. आत काहीच नाही. मधल्या दहा-बाराला मात्र ती झकास चालते. म्हणजे पंचवीसच्या पैशात दहाचंच मॅगझिन, पण लांब!

खरी गंमत मॅगझिनच्या तोंडाशी असलेल्या दोन ओठांत आहे. काडतूस नळीत कुठल्या कोनात शिरणार ते ठरवतात हे ओठ. इथं तुमचा धंदा आडवा येऊ देऊ नका. तुम्ही उद्यमनगरात लेथ लावून बसलेले. एक बुश केसभर जाड निघाला म्हणून पार्टीनं अख्खा लॉट परत केला तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता. मायक्रोमीटरशिवाय तुमचा हात चालत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीतनं आलेलं कास्टिंग नुसतं वाजवून तुम्ही आत पोकळी आहे म्हणता. असा माणूस ते प्लॅस्टिकचे ओठ हातात घेईल तर विचारील, की बाबा, मोल्डची रेघ इथंच कशी आली? डावा उजव्यापेक्षा उंच का? भरलेलं मॅगझिन महिनाभर ठेवलं तर स्प्रिंगच्या दाबानं हे फाकणार नाहीत का? आणि एकाच पाकिटातली तीन मॅगझिनं तीन तऱ्हेची कशी? हे असलं काही विचारायचं नाही. दाजींनी कॅमेऱ्यापुढं धरलं की म्हणायचं, "एक नंबर!"

काडतुसं स्वस्तातलीच, शेकड्यांच्या डब्यातली घ्यायला लावा. शिशाची उघडी गोळी, वर मेणाचा हात, त्यात सेमी-ऑटोमॅटिकचा बोल्ट दर फैरीला काजळी मागं फेकणार. सगळा चिकटा मॅगझिनात उतरतो. वरनं तेलाचे चार थेंब टाकायला सांगा म्हणजे धूळही धरेल. (एक मात्र गंभीरपणे सांगा, इथं चेष्टा नको: चाप ओढून बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं, मगच बोल्ट मागं. मसाला उशिरा पेटू शकतो.)

दाजी अजून मोठ्या मनाचे असतील तर तोंडाला उलटं तोंड जोडलेली जोडी मिळते. एक वर चालवायचं, तोवर दुसरं तोंड खाली माती खातं. त्याहून पुढं ११० काडतुसांचा ड्रम, म्हणजे गोल डब्यासारखं मॅगझिन. तो भरून होईपर्यंत रेंज बंद व्हायची वेळ होते, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रारी कमी.

मग तो फोन येईल. "पाव्हणं, अडकतंय." घाबरायचं कारण नाही. आधी काडतुसाचा ब्रँड खराब. तो बदलला तरी अडकलं, तर रायफल नवी आहे, रुळू दे. रुळली, तर हवेत दमटपणा आहे. डॅलसात दमट नाही म्हणाले, तर दाजींचा हात ढिला पडतोय. मॅगझिनवर येऊच द्यायचं नाही, कारण ते आपण सुचवलंय. दाजी इंजिनिअरच, मार्करनं मॅगझिनवर नंबर घालून, कुठलं कितव्या काडतुसाला अडलं त्याची वही करायची म्हणतील. ती वही तेवढी होऊ देऊ नका. दहा ओळीतच दोषी सापडतो, आणि ताईकडून तुम्हाला फोन येतो.

बोलता बोलता कोल्हापूरचा अभिमान काढाल, तर जपून. तेजस्विनीनं २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनला, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकारात, ६०० पैकी ५९७ करून विश्वविक्रमाची बरोबरी केली, सुवर्ण घेतलं. स्वप्नीलनं २०२४ ला पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य आणलं. इथवर ठीक. काडतूस हेच, पॉइंट टू-टू, आणि ५० मीटरवरचं दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं, हेही सांगा. फक्त त्या रायफलीत एका वेळी एकच काडतूस हातानं भरतात, हे बोलून जाऊ नका. दाजी खणातलं ते दहाचंसुद्धा मोठं म्हणायला लागतील.

दिवाळीला येताना त्यांनी एखादं मॅगझिन भेट म्हणून आणतो म्हटलं, तर बदाम आणायला सांगा. १९५९ च्या आपल्या कायद्यात शस्त्राच्या सुट्या भागालाही शस्त्रच म्हटलेलं आहे.

शेवटी कंटाळून दाजी ते फेकायला निघतील. फेकू देऊ नका, विकायला लावा. जाहिरातीत लिहायचं: पंचवीस काडतुसांचं, पारदर्शक, एकदाही पूर्ण वापरलेलं नाही. आणि घेणाऱ्यानं पुन्हा विचारलं तर शपथेवर सांगायलाही हरकत नाही. पहिल्यापासून शेवटच्या काडतुसापर्यंत ते खरंच एकदाही चाललेलं नसतं.