न्यूट्रलमध्ये अँटेना खुपसू नका

"घरचं वायरिंग हीच शॉर्टवेव्हची सगळ्यात मोठी अँटेना. वायर सॉकेटच्या न्यूट्रलमध्ये घाला आणि जग ऐका." दूरदेशीची स्टेशनं पकडणाऱ्या शॉर्टवेव्ह रेडिओबद्दलचा हा मेसेज कोल्हापूरभर फिरतोय. काल तो राजारामपुरीच्या मामांनी पाठवला, खाली "करून बघू काय?" असं विचारून. मामा, अजिबात नको.

"न्यूट्रलला करंट नसतो" हे त्यातलं सगळ्यात घातक वाक्य. पेठांतल्या जुन्या घरांत फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) उलटे जोडलेले असू शकतात. जोडणी बरोबर असली तरी खांबावर न्यूट्रल तुटला की चालू बल्बमधून, फ्रिजमधून 230 व्होल्ट त्याच तारेवर येतात. आणि ती तार रेडिओच्या ज्या अँटेना-रॉडला अडकवलीय, तो रॉड तुम्ही हातानं ओढणार! "मध्ये कपॅसिटर टाका" म्हणे. कपॅसिटर म्हणजे घरची वीज अडवून रेडिओचा सिग्नल जाऊ देणारा भाग; साधा कपॅसिटर आतून शॉर्ट झाला की पुन्हा तेच. एवढा जीव धोक्यात घालून ऐकू काय येणार? एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर यांची खरखर. ती याच वायरिंगमधून फिरत असते.

"वायर जितकी लांब तितकं चांगलं." अर्धं खरं, मान्य. स्टेशनचा जोर वाढतो, पण खरखरही वाढते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.372 शिफारशीतल्या सूत्रानं वस्तीत 10 मेगाहर्ट्झला माणसानं केलेला गोंगाट उष्णतेमुळे कायमच असणाऱ्या मूळ गोंगाटाच्या जवळजवळ 45 डेसिबल वर निघतो. म्हणून लांबीपेक्षा वायर घरापासून किती दूर आहे ते बघा. खिशातल्या रेडिओला 30 मीटर वायर लावली तर तो गुदमरतो, एकच स्टेशन चार ठिकाणी वाजतं.

"तांब्याचीच हवी." नाही. ॲल्युमिनियमही चालतं, फक्त सांधे नीट करा.

करायचंच तर 10 मीटर साधी इन्सुलेटेड वायर घ्या. गच्चीवरच्या टाकीपासून कठड्यापर्यंत नायलॉन दोरीनं ताणा, दोन्ही टोकांना पीव्हीसी पाइपचा तुकडा. विजेच्या तारांच्या वरून किंवा जवळून नेऊ नका. खालचं टोक क्लिपनं रॉडला. एकच स्टेशन चार ठिकाणी यायला लागलं तर वायर 5 मीटर करा. 31 मीटर बँडच (शॉर्टवेव्हचा एक पट्टा) हवा असेल तर वायरचे 7.4 मीटरचे दोन हात, मधून डिशची उरलेली केबल: एका हाताला आतली तार, दुसऱ्याला जाळी. सांधा डाग देऊन टेपनं बंद करा, नाहीतर एका पावसाळ्यात हिरवा पडतो आणि आवाज येतो-जातो. वळवाचं आभाळ भरून आलं की पहिली वीज चमकायच्या आत रेडिओची क्लिप काढा आणि ते टोक खिडकीबाहेर टाका.