प्रश्न उद्भवत नाही

समजा उद्या सकाळी दिल्लीहून फोन आला आणि घरांचं खातं तुमच्या गळ्यात पडलं. हसू नका, होऊ शकतं, याहून मोठी खाती याहून कमी तयारीच्या लोकांकडे गेलेली आपण सगळ्यांनी पाहिलीत. तर फोन आला की पहिल्यांदा पेढे वाटा आणि मग शांतपणे हे वाचा, कारण तुम्हाला आता घरं बांधावी लागणार असं वाटून झोप उडेल, पण घरं गवंडी बांधतात, तुम्हाला फक्त संसदेला तोंड द्यायचंय, आणि तेही जमलं तर दुसऱ्याच्या तोंडाने.

सुरुवात तारखेपासून करा. तारीख लांबची घ्यावी आणि जमलं तर एखाद्या मोठ्या वाढदिवसाला जोडावी. जून २०१५ मध्ये शहरी आवास योजना आली तेव्हा सांगितलं २०२२ पर्यंत सर्वांना घर, स्वातंत्र्याला ७५ वर्षं होतात ना त्या वर्षी, ऐकायला किती छान वाटतं. २०२२ आलं, झेंडे लागले, घरोघरी लागले (ज्यांना घर होतं त्यांच्या घरी), आणि योजनेला डिसेंबर २०२४ पर्यंत मुदत मिळाली, मग डिसेंबर २०२५ पर्यंत. तोवर सप्टेंबर २०२४ पासून २.० चालू पण झाली, आणखी १ कोटी घरं. पहिला पिक्चर संपायच्या आत सिक्वेल काढला की पहिल्याचा शेवट काय झाला हे कोणी विचारत नाही.

आकड्यांचंही तसंच. २०१५ ला शहरांत अंदाजे २ कोटी घरं लागतील असं म्हटलं होतं, नंतर राज्यांकडून प्रत्यक्ष मागणी मोजली तर ती १ कोटी १२ लाखच भरली, आणि मंजूर केली १ कोटी १८ लाखांच्या आसपास. झालं की शंभर टक्क्यांच्या वर! मार्क कमी पडणार असं दिसलं की पेपर किती मार्कांचा होता ते बदलायचं, ही आयडिया आमच्या दहावीच्या वेळी कोणी का नाही काढली देव जाणे. आणि एक लक्षात ठेवा, घर तीन प्रकारचं असतं, मंजूर, ग्राउंडेड (म्हणजे काम चालू झालेलं) आणि पूर्ण. भाषणात नेहमी मंजूर वापरा. चौथा प्रकार म्हणजे ज्यात माणूस राहतो ते घर, त्याचा कॉलम शक्यतो ठेवूच नका, कारण पूर्ण झालेल्या इमारतींत पाणी नाही, रस्ता नाही म्हणून लोक राहायलाच गेले नाहीत हे संसदीय समितीने एकदा बोलून दाखवलंय.

हां, आता समिती. इथे बरेच नवीन मंत्री उगाच घाबरतात. तुमच्या खात्यावर नजर ठेवणाऱ्या संसदेच्या स्थायी समितीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, मंत्र्याला तिचा सदस्य होता येत नाही आणि समितीसमोर साक्षीलाही तुम्ही जात नाही, सचिव जातात. बैठक बंद दाराआड, कॅमेरा नाही. खरं सांगू का, या समित्यांचे रिपोर्ट वाचण्यासारखे असतात, पक्षाची झूल बाहेर काढून ठेवल्यासारखे खासदार आत असे नेमके प्रश्न विचारतात की हीच माणसं टीव्हीवर ओरडतात यावर विश्वास बसत नाही. पण तुम्ही कशाला टेन्शन घेता, रिपोर्ट ३०० पानांचा आणि शिफारशी बंधनकारक नाहीत. समिती सांगणार, सरकार ऐकणार, लग्नात मामा सल्ला देतात तसं.

शिफारशी आल्या की तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. मग समिती त्या उत्तरांवर परत एक रिपोर्ट काढते आणि त्यात तुमची उत्तरं कप्प्यांत टाकते. सरकारने मान्य केलेल्या शिफारशी हा एक कप्पा, उत्तर बघून समितीने सोडून दिलेल्या हा दुसरा, उत्तर समितीला पटलं नाही तो तिसरा, आणि शेवटचा कप्पा अंतिम उत्तर यायचंय त्यांचा. मी तुम्हाला हा शेवटचा कप्पा मनापासून सुचवतो. तिसऱ्या कप्प्यात गेलात की समिती कडक शब्दांत नाराजी व्यक्त करते आणि पेपरवाल्यांना हेडलाइन मिळते, पण शेवटच्या कप्प्यात कोणी कोणावर चिडत नाही, 'बाब विचाराधीन आहे' एवढंच असतं. आणि समितीची मुदत एक वर्षाची, साधारण सप्टेंबरात नवीन समिती बनते, त्यात काही सदस्य नवे येतात, त्यांना योजना पहिल्यापासून समजावून सांगावी लागते, तीच पीपीटी, तीच स्लाइड, चहा बिस्किट. तुम्ही फक्त सप्टेंबरपर्यंत ओढा.

उदाहरण पाहिजे? गावाकडच्या घरकुलाला २०१६ पासून सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार मिळतात. तेव्हापासून सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी कुठल्या कुठे गेली आणि ग्रामविकास खात्याच्या समितीने रक्कम वाढवा म्हणून एकदा नाही, परत परत लिहिलं. रक्कम तिथेच आहे. नवीन २ कोटी घरं मंजूर झाली, तीही त्याच रकमेत. शिफारशीची नोंद मात्र दर वेळी घेतली गेली, ते खोटं बोलता येणार नाही.

तुम्ही म्हणाल समितीचं ठीक आहे, सभागृहात काय? सभागृहात त्याहून सोपं. खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा व्हायला पाहिजे असा नियम आहे, पण वेळ संपला की उरलेल्या सगळ्या एकदम मतदानाला टाकायच्या, त्याला गिलोटीन म्हणतात, म्हणजे मुंडकं उडवायचं यंत्र, नाव आम्ही नाही ठेवलं. २०२३ च्या मार्चमध्ये ४५ लाख कोटींच्या बजेटच्या सगळ्या मागण्या लोकसभेने गोंधळात चर्चेशिवाय अशाच काही मिनिटांत पास केल्या. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या वायरच्या ८ हजारांवर दोन रविवार गेले होते, त्यातला एक रविवार तर मिनिट्स कोण लिहिणार यावरच. आणि नवीन कायदा आणणार असाल तर समितीकडे पाठवायची पद्धतच हळूहळू मोडीत निघालीय, १५ व्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समितीकडे गेली होती, १७ व्या लोकसभेत १६ टक्के. १६ टक्क्यांत आपला नंबर लागू नये एवढी काळजी घ्या.

बोलताना जीभ सांभाळा. मंत्री सभागृहात 'तपासून सांगतो' किंवा 'विचार करू' असं सहज बोलून गेला तरी ते आश्वासन धरलं जातं, त्यासाठी वेगळी आश्वासन समिती आहे आणि तीन महिन्यांत ते पूर्ण करावं लागतं, नाहीतर मुदतवाढ मागत बसा. घरी बायकोला सांगतो तसं 'बघू' म्हणायची सवय असेल तर दिल्लीला जायच्या आधी मोडा.

पण हे सगळं झालं किरकोळ. खरा मंत्र एकच आहे आणि तो पाठच करा. 'जमीन आणि वसाहत हे राज्याचे विषय आहेत.' घरांवर कुठलाही प्रश्न येऊ दे, उत्तराची सुरुवात या वाक्याने करायची. हे वाक्य म्हटलं की प्रश्न तुमच्या टेबलावरून उडून राज्याच्या राजधानीत जाऊन पडतो. तिथे राज्याचा मंत्री म्हणतो, अंमलबजावणी स्थानिक स्वराज्य संस्थेकडे आहे. आणि प्रश्न पालिकेच्या दारात जाऊन उभा राहतो, जिथे बरेचदा त्याला विचारायलाच कोणी नसतं.

हे कसं जमवलं ते बघण्यासारखं आहे, शिका. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती, शहरांना स्वतःचं सरकार, बाराव्या अनुसूचीत १८ विषय, नगर नियोजन, झोपडपट्टी सुधारणा, सगळं आहे त्यात. फक्त घटनेत लिहिलंय की राज्याचं विधिमंडळ हे अधिकार पालिकांना देऊ 'शकेल'. देईल नाही, देऊ शकेल! त्या एका शब्दाच्या सावलीत राज्यं तीस वर्षं आरामात पडून आहेत. मुंबईत घर हा विषय काढा, म्हाडा राज्याची, एसआरए राज्याचं, एमएमआरडीए राज्याचं, नवी मुंबईत गेलात तर सिडको पण राज्याचीच. महापौरांकडे हार, गाडी आणि उद्घाटनं. दिल्लीकडून अधिकार खाली आला पाहिजे म्हणून सगळ्यात जोरात ओरडणारं राज्य स्वतः मात्र तो मुंबईतून पुढे ठाण्याला जाऊ देत नाही, सासूचा जाच सांगणारी सून स्वतः सासू झाली की काय करते ते तुम्हाला माहितीय.

आणि निवडून आलेले लोकच नसतील तर आणखी बरं. घटनेत स्पष्ट लिहिलंय पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. मग प्रशासक आले. प्रशासक कोण तर आयुक्तच. आता हा सीन डोळ्यासमोर आणा, आयुक्तांनी प्रस्ताव तयार केला, मंजुरीसाठी स्थायी समितीकडे पाठवायचा, स्थायी समिती नाही, म्हणून प्रशासकांकडे पाठवला, प्रशासकांनी आयुक्तांच्या प्रस्तावावर साधकबाधक विचार करून सही केली, पेन तोच. २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर, ते असंच पास झालं. संसदेची स्थायी समिती आहे पण तिचं ऐकायची सक्ती नाही, पालिकेच्या स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय पैसा हलत नाही पण ती चार वर्षं अस्तित्वातच नव्हती, असा सगळा समतोल साधला गेला. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट असं करत करत शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दरडावलं आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या. मधल्या काळात नगरसेवक नाही म्हणून कोणी रडलं का? गटार तुंबलं तेव्हा रडले असतील थोडे.

यात केंद्राचीही मजा आहे. १५ व्या वित्त आयोगाचा (२०२१ ते २०२६) निधी निवडून आलेली बॉडी असेल तरच, असा नियम होता. म्हणजे निवडणूक राज्याने रखडवली तर पैसे गावाचे अडणार. वर्गात गोंधळ सरांनी केला म्हणून पोरांचा डबा बंद.

आमची आत्या या सगळ्यात कशी बसते ते सांगतो, तुम्हाला लाभार्थी म्हणजे काय ते कळेल. तिचं नाव घरकुल हवं असलेल्यांच्या ड यादीत आलं, २०२३ च्या आसपास घरकुल मंजूर झालं. जुनं कुडाचं घर पाडायच्या आधी इंजिनिअर आला, तिला घरासमोर उभं केलं, मोबाईलवर फोटो काढला, जिओटॅग. मग पहिला हप्ता १५ हजार. जोता झाला, परत उभं केलं, परत फोटो. आत्याने प्रत्येक वेळी लुगडं बदललं, फोटो दिल्लीला जातो असं तिला कोणीतरी सांगितलेलं. भिंती लेंटलपर्यंत आल्या आणि पुढचा हप्ता थांबला. फोटो गेलाय पण वरून अप्रूव्हल नाही. वरून म्हणजे कुठून हे पाच जणांनी पाच प्रकारे सांगितलं. शेवटी ती पंचायत समितीत गेली, क्लार्क म्हणाला, मावशी, तक्रार असेल तर साहेबांकडे द्या. ती म्हणाली, साहेबांचीच तर तक्रार आहे, मेंबर कुठंय आमचा? मेंबर नाहीत मावशी, मुदत संपली, आता प्रशासक आहेत. मग प्रशासकाला भेटते. तर प्रशासक म्हणजे तेच गटविकास अधिकारी साहेब, ज्यांची तक्रार घेऊन ती आली होती. साहेब मीटिंगला गेले होते, दोन्ही पदांवरून.

भिंतींवर तिने तात्पुरते पत्रे टाकले, वर दगड ठेवले. पावसाळ्यात मी गेलो तर पत्र्याचा आवाज एवढा की आम्ही दोघं ओरडून बोलत होतो आणि चुलीशेजारी पातेलं लावलेलं गळतीखाली. ऑनलाइन तिचं स्टेटस तेव्हा 'प्रगतीत' असं दिसत होतं.

पुढे तालुक्यातल्या रखडलेल्या हप्त्यांवर विधानसभेत तारांकित प्रश्न लागला. तुम्ही हे प्रश्न कधी वाचले नसतील तर जरूर वाचा, अमुक तालुक्यात घरकुलांचे हप्ते थकले, 'हे खरे आहे काय?', असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरं छापील आली. पहिल्याचं उत्तर, हे अंशतः खरे आहे. दुसऱ्याचं, कार्यवाही सुरू आहे. तिसऱ्याचं, प्रश्न उद्भवत नाही. मी मोठ्या कौतुकाने फोन करून आत्याला वाचून दाखवलं, म्हटलं बघ, तुझा विषय मुंबईपर्यंत गेला. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अंशतः म्हणजे कोणतं खरं रे बाळा? भिंती का पत्रा?"

हा उपप्रश्न तुम्हाला सभागृहात कोणी विचारेल असं वाटत नाही, तरी सचिवांना सांगून उत्तर तयार ठेवा. अगदीच सुचलं नाही तर जमीन आणि वसाहत आहेच, तोवर सप्टेंबर येईल.