२१ दिवसांत सवय सुटते म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर आत्तीनं एक फॉरवर्ड टाकला. वर गुलाबाचं फूल, खाली हात जोडलेले, मधे उपदेश. नखं खाणं, बोटं मोडणं, पाय हलवणं, स्वतःशी पुटपुटणं, बोलताना तोच तोच शब्द घोळवणं ही सगळी दुबळ्या मनाची लक्षणं. चारचौघांत घराण्याची अब्रू जाते. मनात निर्धार केला की कुठलीही सवय २१ दिवसांत सुटते, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. ज्याची सुटत नाही, त्याच्यात दम नाही.

हाच फॉरवर्ड मला दुकानातल्या मुलींच्या ग्रुपवर आला, माहेरच्या गल्लीच्या ग्रुपवर आला, आणि खानापूरच्या जावेनं वेगळा पाठवला. माझी नखं सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यामुळे तो कुणाला उद्देशून होता हे विचारायची गरज नाही. म्हणून उत्तर लिहितेय.

आधी ते २१ दिवस. हा आकडा आला मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनकडून. १९६० साली त्यानं लिहिलं की नाक-चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला कमीत कमी २१ दिवस जातात. त्यातलं ‘कमीत कमी’ वाटेत गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. पुढं लंडनमध्ये फिलिपा लाली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर खरोखर मोजून बघितलं. जेवणाबरोबर फळ खायचं, पाणी प्यायचं, थोडं पळायचं असल्या साध्या गोष्टी अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? कुणाला १८ पुरले, तर सगळ्यात सावकाश माणसाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. मधला आकडा ६६. आणि हे नवी सवय लावण्याचं झालं. तीस वर्षांची जुनी सोडवण्याबद्दल तिथं अवाक्षर नाही.

लांब कशाला जायचं? १ नोव्हेंबर २०१४ ला आमच्या शहराचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं. आत्ती अजून बेळगावच म्हणते. ती मुद्दाम म्हणते, ही गोष्ट वेगळी.

आता दुबळं मन. मी बेळगावातल्या शहापुरात एका साडीच्या दुकानात हिशोब बघते. नखं खाते ती दिवसभर नाही. गिऱ्हाईक समोर असताना कधीच नाही. रात्री आठला गल्ला मोजताना बेरीज जुळली नाही की हात आपोआप तोंडाकडं जातो. मॉंट्रियलच्या संशोधकांचा २०१५ चा एक अभ्यास आहे. त्यात असं दिसलं की नखं खाणारे, केस उपटणारे लोक बऱ्याचदा कामात फार काटेकोर असतात, आणि वैताग आला किंवा नुसतं बसून राहावं लागलं की त्यांचा हात वळवळतो. हे वाचून मी लगेच आरशात बघून स्वतःला शाबासकी दिली असं नाही. खरं ‘दम नाही’ हे मात्र त्यात बसत नाही. दम नसता तर साडेतीन रुपयांच्या फरकासाठी मी साडेनऊपर्यंत बसले नसते.

(वरचं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. त्यावर येतेच.)

नखं खाण्यात तोटा नाही असं मी म्हणणार नाही. नखुरडं होतं. मला दोनदा झालंय, अंगठा ठणकून रात्रभर झोप नाही. पोरांच्या पोटात जंतांची अंडी नखांतूनही जातात. दात झिजतात. सोडायची असेल तर वाट आहे, ती निर्धाराची नव्हे. १९७३ मध्ये अझ्रिन आणि नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी ती मांडली आणि डॉक्टर अजून तीच सांगतात. पहिलं काम म्हणजे हात कधी वर जातो ते नुसतं टिपायचं. दुसरं, तो वर जायला लागला की त्याला दुसरं काम द्यायचं, मूठ आवळायची किंवा काहीतरी धरायचं, मिनिटभर. आईनं लहानपणी कडुलिंब चोळला, मिरची लावली, भाऊ ‘उंदीर’ म्हणायचा, त्यातल्या कशानंही काही झालं नाही. मिरचीचीच मला सवय लागली. आता मी गल्ल्याजवळ फॉल-पिकोच्या दोऱ्याची एक रीळ ठेवलीय. हात वर निघाला की रीळ पकडते. आठ नखं वाढलीत. दोन्ही अंगठे अजून कुरतडलेले आहेत, आणि मी हे चार महिन्यांनंतर लिहितेय.

फॉरवर्ड म्हणतो, ‘सवयीचा विचारही मनात आणू नका.’ औषध पिताना माकड आठवायचं नाही, ही गोष्ट आत्तीनंच मला सांगितलेली. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं माकडाच्या जागी पांढरं अस्वल घेऊन तेच केलं. पाच मिनिटं अस्वल आठवू नका, आठवलं तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली.

बोटं मोडली की संधिवात होतो. नाही होत. डोनाल्ड अंगर नावाच्या डॉक्टरनं साठ वर्षांहून जास्त काळ फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजव्याची सोडली. दोन्ही हातांना संधिवात नव्हता. त्याला २००९ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस. एका माणसाच्या हातावरून कायदा करता येत नाही, ते सोडा, पण आपल्याकडच्या आज्यांच्या दोन्ही हातांचं काय? बाळ न्हाऊन-माखून आलं की त्याच्या गालांवरून हात फिरवून, आपल्या कानशिलांवर दहाही बोटं कडाकड मोडायची. जितका आवाज, तितकी दृष्ट निघाली. माझ्या तिन्ही पोरांवरून आत्तीनं अशी बोटं मोडलीत. तेव्हा ते दुबळं मन नव्हतं.

पाय हलवला की लक्ष्मी जाते, यावर काय बोलायचं? आमच्या शेठजींचा पाय दिवसभर हलतो आणि त्यांनी तिसरं दुकान घेतलं. मात्र रात्री आडवं झाल्यावर पायांत किडे चालल्यासारखं होऊन ते हलवल्याशिवाय राहवत नसेल, तर तो वेगळा आजार आहे. कधी त्यामागं लोहाची कमतरता असते. रक्त तपासून घ्या, लक्ष्मीला मध्ये आणू नका.

स्वतःशी बोलणारा वेडाच्या पहिल्या पायरीवर असतो म्हणे. त्या पायरीवर मग सगळा खडेबाजार उभा आहे. मी साड्या मोजते त्या मोठ्यानं आणि कन्नडमधून. ओंदु, एरडु, मूरु. मोजायला मी दुकानात शिकले आणि शिकवणारी अक्का बैलहोंगलची होती. हिशोब कन्नडमध्ये, भांडण मराठीत, असं माझ्या डोक्यात बसलंय. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, “यार जोडी माताडाकत्तीरी, अक्का?” कुणाशी बोलताय. म्हटलं, “सीरी जोडी.” साड्यांशी. ती हसली आणि तिनं दोन घेतल्या. लुप्यान आणि स्विंगली या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की हवी ती वस्तू शोधताना तिचं नाव तोंडानं म्हटलं, तर ओळखीची वस्तू बऱ्याचदा लवकर सापडते. कानात कुणी दुसरंच बोलायला लागलं, तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरकडं जायचं. मी मात्र ‘कात्री कात्री’ म्हणत कात्रीच शोधत असते.

राहिली बोलण्यातली लकब. पुण्याला भाच्याच्या लग्नात मी म्हटलं, “आम्ही येणारच होतो, खरं बस चुकली.” नवरीकडची एक मुलगी म्हणाली, “मग खोटं काय?” सगळे हसले. मीही हसले, आणि नंतर दोन दिवस प्रत्येक वाक्यात ‘पण’ शोधत बसले. परक्याच्या घरात चमचा शोधावा तसं. माझ्या आईचं ‘खरं’, तिच्या आईचं ‘खरं’. १९५६ मध्ये बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, तरी आजीचं ‘खरं’ काही हललं नाही. ते मी २१ दिवसांत सोडू? होय की, लगेच!

आणि अब्रू. २००० साली कॉर्नेल विद्यापीठात एक गंमत केली. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा एका गायकाच्या चेहऱ्याचा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्या लोकांनी बघितलं असणार. प्रत्यक्षात बघितलं होतं साधारण पाव लोकांनी. माझ्या लग्नात चुडा भरायला बसले, तेव्हा बोटं मुठीत घट्ट आवळलेली, नखं दिसू नयेत म्हणून. पहिल्या दोन बांगड्या तडकल्या. कासारीण वैतागली. म्हणाली, “पोरी, नखं कोण बघतंय? हात सैल सोड, माझा माल फुटतोय.” भोवती पंधरा बायका होत्या. एकीलाही माझी नखं आठवत नाहीत, तडकलेल्या बांगड्या मात्र सगळ्यांना आठवतात.

हे सगळं काल रात्री आत्तीला पाठवलं. सकाळी तिची व्हॉइस नोट आली, चार मिनिटांची. ती म्हणते, वाचलं सगळं, खरं मोठ्यांना उलटं लिहू नये. मागं कडाकड आवाज येत होता. बोलता बोलता ती बोटं मोडत होती. मी मोजले. ओंदु, एरडु, मूरु.